भूकंपाचा गोतावळा

पैठणचा नाथसागर तुडुंब भरला की त्यात सुमारे 102 टीएमसी पाणी असते. कोयनेच्या शिवसागरात मावते 105. शिवसागराच्या नावावर 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा 6.3 तीव्रतेचा भूकंप आहे. नाथसागराच्या नावावर तसले काही नाही. त्यामुळे मराठवाड्यात भांडी वाजली की लगेच ‘धरणच!’ म्हणणाऱ्यांनी, आणि ‘धरणाचा काय संबंध?’ म्हणून हात झटकणाऱ्यांनीही, एक जुना शोधनिबंध वाचावा. हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण या हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या तिघांनी तो 1972 मध्ये प्रसिद्ध केला. झांबेझीवरचे करिबा, ग्रीसमधले क्रेमास्ता आणि आपले कोयना या तीन जलाशयांजवळचे भूकंप वेगळे कशावरून ओळखायचे, एवढाच त्याचा विषय.

प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. अणुस्फोट त्यामानाने लवकर पकडला जातो. स्फोट चहूकडे बाहेर ढकलतो, म्हणून सगळ्या केंद्रांवरच्या यंत्रांत पहिली हालचाल ढकलल्याची दिसावी. भूकंपात खडक भेगेवर घसरतो. काही केंद्रांना पहिला धक्का मिळतो तर काहींना पहिली ओढ, आणि या नकाशावरून भेग कुठल्या दिशेने सरकली ते निघते. कोयनेत भेगेच्या दोन बाजू मुख्यतः आडव्या सरकल्या. पण अशा त्या धरण नसलेल्या मुलखातही सरकतात! ताण आधीच साठलेला असतो. पाण्याचे वजन आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब त्याला फक्त वाट करून देतात. मुख्य धक्क्याच्या लेखात पाण्याची सही सापडत नाही ती यामुळे.

निबंधाचे सौंदर्य इथूनच उलगडते. लेखक मोठ्या भूकंपाची एकट्याची उलटतपासणी घेत बसत नाहीत. ते त्याचा गोतावळा पाहतात: आधी कोण आले, नंतर कोण आले, किती वेळ रेंगाळले. लहान धक्क्यांचे मोठ्यांशी प्रमाण सांगणारा ‘बी’ नावाचा आकडा भूकंपशास्त्रात जुनाच आहे. कोयनेच्या पूर्वधक्क्यांसाठी तो 1.87 निघाला, नंतरच्या धक्क्यांसाठी 1.09, आणि एकंदर द्वीपकल्पासाठी 0.47. आकडे कोरडे वाटतील, पण जरा उलगडून पाहा. 4 किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेच्या एका धक्क्यामागे 3 च्या वरचे किती? कोयनेत मोठ्या भूकंपाआधी चौऱ्याहत्तरच्या आसपास, नंतर बारा, आणि द्वीपकल्पाच्या नेहमीच्या वागण्यात जेमतेम तीन. एवढी किरकोळ किरकिर तिथला खडक एरवी करत नाही. करिबा आणि क्रेमास्तातही हाच क्रम: पूर्वधक्क्यांचा आकडा वरचढ, नंतरच्यांचा त्याखाली.

बाकीच्या खुणा याच धाग्यातल्या. नंतरच्या धक्क्यांतला सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्याच्या फार मागे नसतो. तीव्रतेचे गुणोत्तर 0.9 च्या आसपास. धक्के विझतातही सावकाश. मला सर्वांत आवडते ती मोगींची साक्ष. या जपानी शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत नमुने फोडून पाहिले होते. एकजिनसी नमुना पूर्वसूचना न देता फुटतो आणि मग कुरकुरतो. ज्याच्या अंगात थोडी विषमता आहे तो आधीपासूनच कुरकुरायला लागतो. जलाशयांजवळचे भूकंप दुसऱ्या घरात बसतात, हे लेखकांनी दाखवले. धक्क्यांच्या यादीवरून त्यांनी खालच्या खडकाची प्रकृती सांगितली. ही झेप मोठी आहे, आणि आवाज न चढवता घेतलेली आहे.

उणीव सांगायलाच हवी. तीन जलाशय म्हणजे नमुना तुटपुंजा, आणि ही कसोटी लावायला मोठ्या धक्क्याआधीची नोंद हातात असावी लागते. कोयनेत 1962 मध्ये पाणी भरू लागल्यावर जमीन हादरायला लागली आणि यंत्रे बसली, म्हणून यादी तयार होती. किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाआधी, 1992 मध्ये, लोकांना धक्के जाणवले होते. जवळ निम्न तेरणा प्रकल्पही होता, आणि त्यावर वाद झाला. तिथे एक खडक दुसऱ्यावर चढला होता, कोयनेहून वेगळी घसरण; पण तेवढ्यावरून धरण दोषी की निर्दोष हे ठरत नाही. बहुतेक अभ्यासक तो नैसर्गिकच मानतात, आणि मलाही तेच पटते. मात्र कोयनेबाबत जितक्या ठामपणे बोलता येते तितके इथे बोलता येत नाही, कारण जवळ यंत्रांचे जाळे नव्हते.

‘सावकाश विझतात’ हे निबंधातले निरीक्षण पुढच्या दशकांनी फारच गांभीर्याने घेतले. कोयना-वारणा पट्ट्यात 1967 पासून 5 किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत. तेव्हा पुढच्या वेळी जमीन हलल्याची बातमी आली की केवळ तीव्रता विचारून थांबू नका. आधीच्या महिन्यांतले धक्के किती होते आणि जलाशयाची पातळी कशी चढली, हेही विचारा.