अडकित्त्यांतील कला

कलासंग्रहालय म्हटलें कीं राजेरजवाड्यांचीं तैलचित्रें आणि देवळांतून आणलेल्या मूर्ति पाहण्याच्या अपेक्षेनें मनुष्य तेथें जातो. पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय ही अपेक्षा मोडतें, आणि म्हणूनच तें आम्हांस विचारार्ह वाटतें.

'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. १९६० पर्यंत वस्तूंची संख्या सुमारें १५,००० झाली. १९६२ सालीं संग्रहालय स्थापन झालें व १९७५ सालीं केळकरांनीं सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्यास नांव दिलें तें बालपणींच निवर्तलेल्या राजा या पुत्राचें.

दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती, वाद्यें अशा नित्याच्या वस्तु येथें मानानें मांडल्या आहेत. सुपारी कातरण्यास दोन पातीं पुरेशीं होतीं. परंतु कारागिरानें त्यांस स्त्रीपुरुषांचें रूप दिलें. पाय घासण्याच्या वज्रीवर त्यानें पक्षी बसविला. गरज भागल्यावरहि हाताला कांहीं सांगावयाचें उरतें, आणि तेथेंच कलेचा जन्म होतो, असा या संग्रहाचा एकंदर अभिप्राय दिसतो. काय ठेवावें हें ठरविणें हीहि एक टीकाच होय. केळकरांची ही टीका आम्हांस अनेक सौंदर्यशास्त्रीय ग्रंथांहून पटण्याजोगी वाटते.

तथापि एक उणीव सलते. कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानीमहाल प्रेक्षकांस खिळवून ठेवतो, कारण त्यामागें एक नांव व एक कथा आहे. अडकित्ता घडविणाराचें नांव मात्र कोणासच ठाऊक नाहीं. हा दोष संग्राहकाचा म्हणतां येणार नाहीं. आपल्या समाजानें कारागिराची वस्तु पिढ्यान्‌पिढ्या वापरली व त्याची नोंद कधीं ठेवली नाहीं. वस्तु केळकरांपर्यंत पोंचली तेव्हां तें नांव केव्हांच लोपलें होतें.

ही हानि पुण्यापुरतीच नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील राजूरसारख्या कोळशाच्या खाणींच्या गांवींहि एखाद्या घरीं आजीची समई किंवा पानदान असेल. ती मोडींत देण्यापूर्वीं ती कोठून आली, कोणी घडविली, हें घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे. केळकरांसारखा संग्राहक प्रत्येक गांवास लाभणार नाहीं. परंतु एवढी नोंद कोणासहि करतां येईल.