सातच वर्षं का?

गेल्या वेळी आपण शिक्षेच्या हेतूंबद्दल बोललो. आज शिक्षेच्या आकड्यांकडे वळू या.

फ्रान्सिस गाल्टनने १८९५ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. न्यायालयांनी दिलेल्या शिक्षांच्या मुदती त्याने मांडून पाहिल्या, तर तीन, सहा, नऊ, बारा, अठरा महिने असे उंचवटे दिसले. सतरा महिने जवळजवळ नाहीतच. आता गुन्हे काही तीनच्या पटीत घडत नाहीत! गाल्टनचं निरीक्षण बिनतोड आहे. पण त्याचा रोख न्यायाधीशांच्या सवयीवर, आणि तिथे तो आम्हांला अपुरा वाटतो. महिने सवयीतून आले असतील. वर्षांमागे मात्र कायदा आहे, आणि कायद्यामागे धंदा.

इंग्लंडचा १७१८ चा हद्दपारीचा कायदा बघा. किरकोळ चोरीला अमेरिकेतल्या वसाहतींत सात वर्षं; फाशी माफ झालेल्याला साधारणपणे चौदा. कैदी नेणाऱ्या कंत्राटदाराला तेवढ्या मुदतीपुरता त्याच्या श्रमांवर हक्क मिळे, आणि तो हक्क व्हर्जिनिया-मेरिलंडच्या मळेवाल्यांना विकला जाई. म्हणजे सात वर्षं हे गुन्ह्याचं माप नव्हतंच. विकायला काढलेल्या श्रमाची ती मुदत होती, असं आम्ही म्हणू. (१५६३ च्या कायद्याने कारागिराकडची उमेदवारीही किमान सात वर्षांचीच ठरवली होती.)

पुढे कैदी पाठवायला वसाहती उरेनात. १८५३ मध्ये संसदेने सात वर्षांच्या हद्दपारीऐवजी मायदेशी चार वर्षांची सक्तमजुरी पुरेशी मानली. पण १८५७ च्या कायद्याने सक्तमजुरीची मुदत पुन्हा हद्दपारीइतकी केली. जहाजं गेली, सात परत आले.

आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेत कलम ५९ होतं: सात वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेच्या जागी हद्दपारी, म्हणजे काळं पाणी देता येई, तेही सात वर्षांहून कमी नाही. १९५५ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. ‘चारसो बीस’ची कमाल शिक्षा सात वर्षंच राहिली. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली, वसाहतीचं ओझं उतरवल्याची भाषणं झाली, कलमाचा नंबर ३१८ झाला, सात तसेच.

आणि हा आकडा नुसता पुस्तकात पडून नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करायची, तर पोलिसांना गरज दाखवून कारणं नोंदवावी लागतात. त्यावर गेलं, की ती अडचण राहत नाही.