रंग : अलंकार की उक्ती? टॉमस बेल्टच्या निकाराग्वाविषयक ग्रंथाचा विचार

वाङ्मयचर्चेस वाहिलेल्या पानांवर बेडकासारख्या यःकश्चित प्राण्यास स्थान द्यावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या भाषेने ह्या प्राण्याचा फारसा मान ठेवलेला नाही. संकुचित दृष्टीच्या माणसास आपण कूपमंडूक म्हणतो आणि व्यर्थ बडबडीस बेडकांच्या डरांव-डरांवची उपमा देतो. तथापि आज आम्ही ज्या ग्रंथाविषयी लिहिणार आहोत, त्यातील एका इवल्याशा बेडकाने गद्यलेखनाचा एक मूलभूत प्रश्न उभा केला आहे. निसर्गातील रंगांविषयी लिहावयाचे, ते कोणत्या दृष्टीने? हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञांचा जितका, तितकाच साहित्यिकांचा आणि भाषाशिक्षकांचाही आहे.

ग्रंथ जुना आहे. टॉमस बेल्ट हा इंग्रज खाण-अभियंता व भूशास्त्रज्ञ १८६८ ते १८७२ ह्या काळात मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात, चोंतालेस प्रांतातील सोन्याच्या खाणींचा व्यवस्थापक होता. त्या वास्तव्यातील निरीक्षणांचा ‘द नॅचरलिस्ट इन निकाराग्वा’ हा ग्रंथ १८७४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, पन्नाशीही न गाठता, बेल्ट वारला. निसर्गविषयक प्रवासवृत्तांत डार्विनने ह्या ग्रंथास सर्वांत वरचे स्थान दिले होते. ही शिफारस लहान नव्हे. परंतु ग्रंथाची परीक्षा शिफारशीवरून करू नये, पानावरून करावी, असे आमचे मत आहे.

ते पान असे आहे. सांतो दोमिंगो गावाभोवतीच्या अरण्यातील बेडकांचे वर्णन बेल्ट करतो. काही हिरवे, काही तपकिरी. ते पानांत मिसळून जातात. काही मातीच्या रंगाचे. ते बिळांत आणि ओंडक्यांखाली दडतात. हे सारे रात्रीच बाहेर पडतात आणि साप व पक्षी त्यांना खातात. ह्या सर्वांच्या उलट एक लहानसा लाल-निळा बेडूक भर दिवसा निःशंकपणे उड्या मारीत हिंडतो. त्यास पाहताच बेल्टची खात्री पटते की हा प्राणी खाण्याजोगा नसला पाहिजे. मग तो काही बेडूक घरी नेऊन कोंबड्या-बदकांपुढे टाकतो. कोणी त्यांना शिवत नाही. शेवटी मांसाचे तुकडे फेकून, पाखरांची झोंबाझोंबी लावून, तो एका तरुण बदकाला फसवितो. बदक बेडूक उचलते, तत्क्षणी टाकून देते आणि तोंडाची किळसवाणी चव झटकून टाकावी तसे मान झटकीत फिरू लागते. सारा प्रसंग जेमतेम एका परिच्छेदात संपतो.

ह्या परिच्छेदामागील वैचारिक पूर्वपीठिका ध्यानात घेतली पाहिजे. १८६२ साली हेन्री बेट्सने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून दाखवून दिले होते की, निरुपद्रवी जाती बेचव जातींचे सोंग घेऊन आपला बचाव करतात. १८६७ साली डार्विनने वॉलेसला विचारले की, काही सुरवंट इतके भडक रंगाचे का असावेत? नराने मादीस मोहून घ्यावे म्हणून रंग, हे उत्तर येथे चालत नव्हते, कारण सुरवंट ही बाल्यावस्था होय. वॉलेसने उत्तर दिले की, हे सुरवंट बेचव असावेत आणि भडक रंग ही पक्ष्यांना दिलेली सूचना असावी. चोच मारल्यावर बेचवपणा कळून उपयोग नाही. तो आधीच कळला पाहिजे. बेल्टच्या बेडकाने ह्या तर्काला कीटकसृष्टीबाहेरचा एक जिवंत दाखला मिळवून दिला.

आता लेखनाचा विचार करू. बेल्टच्या शैलीस अलंकाराचे वावडे नाही. बेडकाचे रंग सांगताना तो त्यास चक्क पोशाख चढवितो. परंतु हा पोशाख केवळ शोभेसाठी आलेला नाही. ज्याने असा वेष केला, त्यास लपावयाचे नाही, हा निष्कर्ष त्या रूपकातूनच निघतो. म्हणजे रूपक येथे युक्तिवादाचे काम करते. आधी तुलना, मग अपवाद, मग अनुमान, मग प्रयोग आणि शेवटी मान झटकणारे बदक, असा त्या परिच्छेदाचा क्रम आहे. त्यात एकही उद्गारवाचक हळहळ नाही आणि सृष्टीच्या सौंदर्यावर प्रवचनही नाही. वाचकास बेडूक सुंदर वाटतो, परंतु तो का सुंदर आहे हे कळल्यामुळे अधिक सुंदर वाटतो. आमच्या मते शास्त्रीय गद्याचे यश ह्याहून वेगळे नाही.

निसर्गातील रंग हा आपण परंपरेने अलंकार मानीत आलो. सृष्टीने शालू नेसला, मोराने पिसाऱ्याची नक्षी मिरविली, अशी वाक्ये शालेय निबंधांतून आम्ही वर्षानुवर्षे तपासली आहेत. ह्या वाक्यांत रंग पाहणारा माणूसच असतो, आणि रंग असतो तोही माणसासाठी. बेल्टचे पान नेमके हे गृहीत मोडून काढते. तेथे रंग ही उक्ती आहे आणि ती भुकेल्या पक्ष्यास उद्देशून आहे. आपल्या शास्त्रकारांनी शब्द आणि अर्थ ह्यांच्यामध्ये ‘संकेत’ मानला आहे; संकेत ठाऊक नसलेल्यास शब्द हा केवळ ध्वनी असतो. लाल रंगात स्वभावतः कडूपणा नाही. अनेक पक्ष्यांस तो संकेत एकदा तोंड पोळल्यावरच कळतो, आणि शिकवणीची ती गुरुदक्षिणा काही बेडकांना प्राण देऊन भरावी लागते. दोन बेचव जाती एकसारख्या दिसत असतील, तर ही दक्षिणा दोघींत वाटली जाते, असे १८७९ साली फ्रिट्झ म्यूलरने दाखविले. बेट्सची सोंगाडी फुलपाखरे तर भ्रांतिमान अलंकाराचे चालते-बोलते उदाहरणच म्हणावी लागतील.

ही तुलना ताणू मात्र नये. कवीस विवक्षा असते, बेडकास नसते. बेडूक ‘सांगतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा अभिप्रेत एवढेच की, ज्यांचा बेचवपणा चटकन ओळखू आला ते अधिक वाचले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच संतती वाढली. शिवाय एकाच रंगाचे दोन अर्थ असू शकतात. ह्या बेडकांत माद्या नराची निवड करताना त्याच्या रंगाकडे लक्ष देतात, असे अलीकडील प्रयोगांतून दिसून आले आहे. शत्रूस ताकीद आणि सखीस साद, असा श्लेष त्या एकाच लाल रंगात साधला आहे.

ग्रंथाची उणीवही सांगितली पाहिजे. पाळीव कोंबड्यांनी बेडूक नाकारला, तो रंग पाहून की अपरिचित म्हणून, हे बेल्टच्या प्रयोगातून ठरत नाही. एका बदकाच्या साक्षीवर सिद्धान्त उभा राहत नाही. आणि पाळीव बदक हे काही त्या अरण्यातील शिकारी नव्हे. ही उणीव पुढच्यांनी भरून काढली. शेजारच्या कोस्टा रिका देशातील ला सेल्वा येथे संशोधकांनी मातीचे कृत्रिम बेडूक अरण्यात मांडून ठेवले. तेव्हा लाल बेडकांपेक्षा तपकिरी बेडकांवर पक्ष्यांच्या चोचींचे घाव जवळजवळ दुपटीने आढळले. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. बेल्टचा तर्क टिकला, परंतु तो टिकण्यास सव्वाशेहून अधिक वर्षांची पडताळणी लागली.

आणखी एक गोष्ट बेल्टला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याचा बेडूक आज ‘ऊफागा प्युमिलिओ’ ह्या नावाने ओळखला जातो. त्याच्या कातडीतील अल्कलॉइड जातीची विषे तो स्वतः निर्माण करीत नाही. पाचोळ्यातील मुंग्या आणि अतिसूक्ष्म कोळीवर्गीय किडे खाऊन ती त्याच्या अंगी येतात. ह्या जातीची मादी आपले बेडूकमासे पाठीवर घेऊन झाडावर चढते. अननसाच्या कुळातील वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठलेले असते. तेथे ती एकेकास सोडते आणि पुढे स्वतःची अफलित अंडी त्यांना खाऊ घालते. त्या अंड्यांतूनही विषाचा वारसा पिलांकडे जातो. म्हणजे रंग बेडकाचा असला, तरी त्या रंगाचा अर्थ साऱ्या अरण्याने पुरविलेला असतो.

ह्या ठिकाणी आम्ही मूळ ग्रंथाच्या पुढे जाऊन एक विचार मांडू इच्छितो. उक्तीचा अर्थ ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो. पक्ष्यांसाठी घडलेली ही उक्ती आता निराळ्यांच्याच दृष्टीस पडू लागली आहे. हौशी संग्राहकाच्या डोळ्यांस भडक रंग ही ताकीद नसून आमंत्रण ठरते. म्हणूनच १९८७ साली ह्या कुळातील बेडकांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रणाखाली आणावा लागला. दुसरा शत्रू तर आंधळाच आहे. बेडकांची कातडी ग्रासणारी एक बुरशी १९९९ साली शास्त्रज्ञांनी नाव देऊन नोंदविली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे निदान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० नष्ट झाल्या असाव्यात. पनामातील पिवळा-काळा सोनेरी बेडूक अत्यंत विषारी. परंतु बुरशीस ताकीद वाचता येत नाही. २००९ नंतर तो त्याच्या मूळ रानात आढळलेला नाही. कोस्टा रिकातील मोंतेवेर्दे येथील झळझळीत नारिंगी भेक १९६६ साली शास्त्रास परिचित झाला. १९८७ साली तो दीड हजारांहून अधिक संख्येने दिसला, १९८९ साली एकच नर दिसला, आणि त्यानंतर कोणासही दिसला नाही. त्याच्या अंतास बुरशी किती आणि अवर्षण किती कारण झाले, ह्याविषयी मतभेद आहेत, अंताविषयी नाहीत. बेल्टचा लाल-निळा बेडूक मात्र सुदैवाने अजून विपुल आहे.

मग ह्या जाती काचेच्या पेट्यांत जपून ठेवल्या तर? पनामाचा सोनेरी बेडूक आज तसाच जपला जात आहे, आणि त्या प्रयत्नांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु बेल्टच्या बेडकाच्या कुळाविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. काचपेटीत फळमाश्यांवर वाढविलेल्या पिढीच्या कातडीत ते विष आढळत नाही. रंग तोच राहतो, अर्थ मात्र निघून जातो. उक्तीचा पुन्हा अलंकार होतो! बेडूक वाचविणे म्हणजे त्याच्या पायाखालचा पाचोळा, त्यातील मुंगी, डोळ्यांस न दिसणारा किडा आणि पानाच्या बेचक्यातील चमचाभर पाणी वाचविणे होय. संरक्षणाचा खरा अर्थ आम्हांस ह्या एका वस्तुस्थितीत सापडतो.

हा विचार वाचताना महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी वाचकास आपल्या भाषेची आठवण होणार नाही काय? उत्सवाच्या व्यासपीठावर आणि मानपत्रांच्या चौकटीत भाषेचा रंग टिकतो. तिचा अर्थ टिकावयाचा, तर तिला रोजचे खाद्य मिळाले पाहिजे; आणि शास्त्रीय गद्य हे त्या खाद्यातील मोठे अन्न आहे. ज्या भाषेत आपण मुलांना मुंगी, पाचोळा आणि विष ह्यांचा कार्यकारणभाव समजावून देऊ शकत नाही, ती भाषा त्यांच्यापुरती अलंकार होऊन बसते.

बेल्टचा धडा शिकविण्यास निकाराग्वास जावे लागत नाही. रस्त्याकडेच्या रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडा उघड्यावर बसलेला असतो. त्याच रुईवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या वलयांचा सुरवंट निवांत पाने कुरतडीत असतो. दोघेही रुईच्या चिकातील विष आपल्या अंगात साठवितात. तो सुरवंट पुढे जे नारिंगी फुलपाखरू होतो, त्याचे हुबेहूब सोंग दुसऱ्या एका निरुपद्रवी जातीची मादी घेते. ताकीद, उसने विष आणि सोंग, हे तिन्ही पाठ एका झुडपाभोवती मिळतात. बेळगाव व गोवा येथील शिक्षकांस आणखी एक पाठ जवळ आहे. आंबोलीच्या कातळांवर पावसाच्या तोंडावर जमणाऱ्या एका लहानशा भेकास २००९ साली शास्त्रीय नाव मिळाले. त्याचा ठावठिकाणा इतका तोकडा आहे की, तो नष्ट होण्याच्या अत्यंत निकट असलेल्या जातींत गणला जातो.

एक दोष शेवटी नोंदविणे प्राप्त आहे. बेडकाच्या त्या पानावर बेल्टने ‘हा असा का?’ हे विचारले, ‘हा राहील काय?’ हे विचारले नाही. त्या काळी अरण्य अमर्याद भासत होते आणि लेखक स्वतः त्याच अरण्यात सोने खणावयास आलेला होता. दुसरा प्रश्न विचारण्याचे दायित्व आपल्या पिढीवर येऊन पडले आहे. परंतु पहिला प्रश्न नीट विचारल्यावाचून दुसऱ्यास बळ येत नाही, असे आमचे मत आहे. केवळ सुंदर म्हणून राखलेली वस्तू दुसरी अधिक सुंदर वस्तू मिळताच विसरली जाते.

म्हणून आमची सूचना अशी की, अकादमीने ह्या ग्रंथातील निवडक प्रकरणे सुबोध मराठीत आणावीत. बेडकाचा परिच्छेद, आपल्या पाळीव माकडाने कोणती फुलपाखरे नाकारली ह्याचा वृत्तान्त, आणि पाने तोडून नेणाऱ्या मुंग्या त्या पानांवर बुरशीची शेती करीत असाव्यात हे त्याचे पुढे खरे ठरलेले अनुमान, एवढे जरी आले तरी पुरेसे होईल. ते विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेलच; परंतु मराठीच्या तासाला, निबंध कसा लिहावा हे शिकविताना, त्याहून अधिक उपयोगी पडेल.