तक्त्यात हरणाऱ्या गाडीचं परीक्षण

वेगवान सेडानच्या रोड टेस्टमध्ये मॅन्युअल गिअरची गाडी आता बहुतेक मोजमापांत मागे पडते. 2020 साली आलेल्या एम3मध्ये तर बीएमडब्ल्यूने ताकदीची वाटणीच तशी केली: अमेरिकेत मॅन्युअल हवी तर 473 हॉर्सपॉवर, 503 हव्या असतील तर ऑटोमॅटिक घ्या. कॅडिलॅकची सीटी5-व्ही ब्लॅकविंग दोन्ही रूपांत 668 हॉर्सपॉवरची, पण तिथेही दहा गिअरची ऑटोमॅटिक सहा गिअरच्या मॅन्युअलपेक्षा लवकर वेग पकडते. तरी परीक्षक वाचकाला सांगतात, मॅन्युअलच घ्या.

हा सल्ला मला पटतो. त्यासाठी दिलेला पुरावा मात्र पटत नाही, कारण बहुतेक लेखांत तो नसतोच. गाडीशी नातं जुळतं, अशा गाड्या पुन्हा होणार नाहीत, एवढ्यावर परिच्छेद संपतो. इंजिनावर पानभर लिहिणारा परीक्षक क्लचला एक वाक्य देतो. घड्याळ ज्या गाडीच्या विरोधात साक्ष देतं, तिची बाजू मांडायची तर हातापायांना काय कळलं ते घड्याळाइतक्याच काटेकोरपणे लिहायला हवं. आजचं परीक्षण इथेच कमी पडतं.

ब्रिटनच्या ‘ऑटोकार’ नियतकालिकाने 1928 साली रोड टेस्टला शिस्त लावली, ती मोजमापाची. पुढे एप्रिल 1968मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’मध्ये डेव्हिड ई. डेव्हिस यांनी चार गिअरच्या बीएमडब्ल्यू 2002वर लिहिलं आणि मोजमापापलीकडचं लिहिण्याची वाट मोकळी केली. त्या लेखात उत्साह ओसंडून वाहत होता, पण नजर जागी होती. गाडीवर जीव जडलेला असतानाही डेव्हिसनी तिच्यातल्या रेडिओला झोडपलं. त्यावरून वाद उठला आणि त्यांना मासिक सोडावं लागलं. नंतरच्या पिढ्यांनी डेव्हिसचा आवाज उचलला, ती नजर फार थोड्यांनी घेतली.

तक्त्यांचीही एक गंमत नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकी चाचण्यांत टॉप गिअरमध्ये ताशी 30 ते 50 आणि 50 ते 70 मैल असा वेग वाढायला लागणारा वेळ छापतात. मॅन्युअल गाडी तेव्हा खरोखर सर्वांत वरच्या गिअरमध्ये असते. ऑटोमॅटिक मात्र पेडल दाबताच दोन-चार गिअर खाली उतरते. दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत मांडल्या जातात आणि मॅन्युअल आळशी ठरते. ब्रिटिश ‘ऑटोकार’चा प्रत्येक गिअरमधला वेगवाढीचा तक्ता यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. मुंबईहून निघणारं ‘ऑटोकार इंडिया’ मॅन्युअल गाडीची तिसऱ्या गिअरमध्ये 20 ते 80 आणि चौथ्यात 40 ते 100 किलोमीटर अशी चाचणी घेतं. ट्रकमागे अडकलेल्या माणसाला गिअर खाली टाकावा लागेल की नाही, हे त्यातून कळतं.

शून्यावरून ताशी 60 मैल गाठण्याच्या शर्यतीने तर गिअरबॉक्सच्या रचनेतही हात घातला आहे. दुसरा गिअर लांब ठेवला की तिथवर पोहोचताना एक बदल वाचतो आणि आकडा सुधारतो. पण मग दुसरा नि तिसरा दोन्ही लांबतात, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर हात गिअरच्या दांड्यावर नुसताच पडून राहतो. गिअर बदलण्याच्या सुखासाठी मॅन्युअल घेणाऱ्याला हे आधी सांगायला नको?

तसंच इंजिनाच्या फेऱ्यांचं. प्रदूषणाच्या नियमांसाठी आजची बरीच इंजिनं अशी जुळवलेली असतात, की ॲक्सिलरेटर सोडला तरी फेरे पटकन उतरत नाहीत. घाईने पुढचा गिअर टाकून क्लच सोडला, तर झटका बसतो. क्लच नेमका कुठे पकडतो, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर टाचेच्या टप्प्यात आहेत का, गिअर उतरवताना फेरे आपोआप जुळवणारी यंत्रणा बंद करता येते का, हे रोजचे प्रश्न आहेत. ट्रॅकवरच्या एका दिवसात त्यांची उत्तरं मिळत नाहीत. त्यासाठी हाफ क्लचवर सरकणाऱ्या रांगेतही तीच गाडी चालवावी लागते.

आपल्याकडे मॅन्युअल सेडानची मजल 150-160 पीएसपर्यंत, पण परीक्षकाचं काम त्याने हलकं होत नाही. चाकणला बनणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टस जीटी यांचं दीड लिटरचं इंजिन एकच, 150 पीएस आणि 250 न्यूटन मीटरचं. स्लाव्हियात ते 2022पासून मॅन्युअलसह मिळालं, व्हर्टसला मॅन्युअल 2023मध्ये आली. त्याच वर्षी 160 पीएसची टर्बो व्हर्ना सहा गिअरच्या मॅन्युअलसह उतरली. तिघींच्या तुलनेत बूट, पडदा, हवेशीर सीट यांवर रकाने भरून लिहिलं गेलं. खंबाटकी घाटाच्या चढावर टर्बोचा जोर किती फेऱ्यांना येतो, तो हुकला तर दुसरा गिअर घ्यावा लागतो का, आणि तो घेताना दांडा खटक्याशिवाय बसतो का, हेही त्याच तुलनेत यायला हवं होतं.