रेषा, शब्द आणि पंचवीस प्रती

झरीना हाश्मी (१९३७–२०२०) यांच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) या ३६ काष्ठमुद्राचित्रांच्या संचाविषयी लिहिताना अलिगढचे बालपण, फाळणी, १९५९ मध्ये कराचीला गेलेले कुटुंब, पुढे पॅरिस, तोक्यो, न्यूयॉर्क हे चरित्र आधी सांगितले जाते. चरित्र खोटे नाही. पण त्यामुळे संचातील सैद्धांतिक प्रश्न झाकला जातो. प्रत्येक चित्रात काळ्या शाईत एक भौमितिक आकृती आहे आणि तिच्यासोबत नस्तालिक लिपीत एक उर्दू शब्द : घर, उंबरठा, दार, अंगण, भिंत, सीमा अशा अर्थांचा. मग आकृतीला अमूर्त म्हणायचे, की शब्दाचे स्पष्टीकरण?

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापुढे हा प्रश्न अडचणीचा ठरतो. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सर्व कलांना समान. माध्यमे मात्र भिन्न. चित्राचे माध्यम इंद्रियसंवेदना, साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ. येथे दोन्ही एकाच कागदावर आहेत. शब्द झाकला तरी आकृतीची लय टिकते, पण मग ती कोणाचेच घर राहत नाही. उलट, नस्तालिक न वाचता येणाऱ्याला शब्दही आकृतीच दिसतो. कोनबद्ध रेषांशेजारी उतरत जाणारी वळणदार रेषा. विरोधाचे तत्त्व अशा प्रेक्षकाला शब्दच पुरवतो.

ही अवस्था मराठवाड्यातील वाचकाला परकी नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना परिसर हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. टेंभुर्णीसारख्या गावात एखाद्या पेटीतून त्या काळचा कागद निघाला, तर वारस तो ओळखतो, वाचू शकत नाही. अक्षर त्याच्यापुरते रेषा झालेले असते, तरी ‘हे आपल्या घराविषयी आहे’ एवढा अर्थ त्यात शिल्लक असतो. झरीना यांचा शब्द अशाच अर्ध्या उजेडात उभा आहे. मर्ढेकरांची माध्यमविभागणी त्याने कोसळत नाही. मात्र त्या विभागणीत वाचकाच्या साक्षरतेला जागा नाही, हे उघड होते.

‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) हे चित्र अधिक कठोर आहे. भारत-पाकिस्तान सीमेची एक वेडीवाकडी काळी रेषा, बाकी काही नाही. काष्ठमुद्रेत जे कोरले जाते ते पांढरे राहते. जे कोरायचे टाळले जाते तेच शाई घेते. नकाशावर सीमा ओढायला लेखणी पुरते. लाकडात तीच रेषा मिळवायची, तर तिच्या दोन्ही बाजूंची भूमी तासून काढावी लागते, तीही उलट्या प्रतिमेत, पूर्व पश्चिमेला घेऊन. छिन्नीने मागे ठेवलेले चुकार ठिपके कागदावर तसेच उमटू दिले आहेत. येथे तंत्र आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. संचातील सर्व चित्रांविषयी असे म्हणता येणार नाही. जेथे आकृती वस्तूच्या आराखड्याजवळ सरकते, तेथे शब्द तिला बोधचित्राकडे ओढतो.

संचाच्या प्रती २५. लाकडी ठसा याहून कितीतरी अधिक प्रती देऊ शकतो. ही मर्यादा ठरवलेली आहे, लाकडाची नव्हे. वाल्टर बेंजामिन यांच्या १९३६ च्या निबंधात काष्ठमुद्रेचा उल्लेख चित्राला प्रथम पुनरुत्पादनक्षम करणारे तंत्र म्हणून येतो. त्याच तंत्राला आकड्याचे कुंपण घालून बाजार दुर्मिळता परत मिळवतो. झरीना यांच्या बाबतीत कुंपणाला आणखी एक अर्थ चिकटतो : घर २५ ठिकाणी आहे आणि मूळ कोठेच नाही, कारण ठसा म्हणजे चित्र नव्हे. या प्रती संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे गेल्या. विद्यार्थ्याच्या हाती येते ते ग्रंथातील गुळगुळीत छायाचित्र. त्यात कोझो कागदाचा तंतुमय पोत आणि लाकडाने त्यावर दिलेला दाब दिसत नाही.