चौथ्या प्रकरणातलं घर

जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या सुरुवातीच्या ओळी सगळ्यांना पाठ आहेत. दर 11 एप्रिलला त्या स्टेटसला येतात, बॅनरवर येतात, शाळेच्या भिंतीवर तर कायमच्या रंगवलेल्या असतात. त्यांच्यापुढे पुस्तकात काय आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. उपोद्घातानंतर पाच प्रकरणं आहेत. जन्माच्या आधीपासून मेल्यानंतरपर्यंत धर्माच्या नावाखाली शेतकऱ्याच्या पदरातून काय काय जातं, ते पहिल्यात. गोरे साहेब आणि त्यांच्या कचेऱ्या दुसऱ्यात. तिसऱ्यात आर्यांच्या आगमनापासूनचा इतिहास. आणि चौथ्यात एक घर. मला बोलायचंय ते या घराविषयी.

एक शेतकरी कलेक्टरच्या मुक्कामावरून परत निघालाय. साऱ्याची तक्रार घेऊन गेला होता, हात हलवत आलाय. चालताना स्वतःशीच पुटपुटतोय. फुले त्याच्या मागोमाग जातात आणि आपल्याला थेट उंबऱ्याच्या आत नेतात. गोठा, शेणामुताचा वास, जातं, चूल, मडकी, पोरं, राबणाऱ्या बाया, सगळं एकापाठोपाठ येतं. श्वास घ्यायला जागा नाही. वाक्य संपेल संपेल असं वाटतं आणि अजून एक कोपरा निघतो, त्या कोपऱ्यात अजून एक वस्तू.

शाळेत या गद्याला ‘खडबडीत’ म्हणतात आणि पुढे जातात. मला ते मुळीच खडबडीत वाटत नाही. फुले कंत्राटदारही होते. कामाच्या जागेवर उभं राहून माल मोजायची सवय असलेला माणूस जसा बघतो, तसं ते या घराकडे बघतात. इथे उपमा नाहीत, हळहळ नाही, ‘बिचारा बळीराजा’ तर नाहीच नाही. त्या काळच्या मराठी लेखनात कुणबी येतो तो बहुतेक वेळा उपदेश घ्यायला किंवा कीव करून घ्यायला. इथे मात्र आधी त्याच्या घरात काय आहे ते मोजलं जातं, मत नंतर.

ही मोजदाद कशासाठी? कारण फुल्यांना एक आरोप खोडून काढायचा होता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. ते लोण गावोगाव गेलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. या सगळ्या चर्चेत एक वाक्य शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येत होतं: शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो, म्हणून बुडतो. (ओळखीचं वाटतंय ना? आज त्या जागी मोबाइल, बाइक आणि हळदीचा डीजे असतो.) फुले यावर भाषण देत नाहीत. ते शेतकऱ्याचं रोजचं जेवण सांगतात, अंगावरचे कपडे सांगतात, लग्नातलं ताटही सांगतात, आणि विचारतात की यात उधळायला होतं काय? घरातली प्रत्येक वस्तू साक्षीदार म्हणून उभी केलेली आहे. म्हणून ती यादी लांबते, आणि म्हणूनच ती कंटाळवाणी होत नाही.

हे सगळं कागदावर येत होतं 1881 ते 1883 या काळात. तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला शेतकरी कुटुंबाची एक वेगळीच गोष्ट घडत होती, आणि फुल्यांची नजर त्या देशाकडे आधीच गेलेली होती. 1873 ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केली आहे. त्याच अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने जमीन वाटायला काढली होती: 160 एकर घ्या, पाच वर्षं राहून कसा, जमीन तुमची. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या ‘लिटल हाउस’ पुस्तकांमुळे हा पायोनियर शेतकरी जगभर पोचला. लॉराचे वडील चार्ल्स इंगल्स 1836 चे, म्हणजे फुल्यांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, डाकोटा असा त्यांचा संसार गाडीत बसून फिरला. सुप्याला वह्या जळत होत्या त्या सुमारास मिनेसोटात टोळांनी इंगल्सचा गहू फस्त केला होता. बाप शेकडो मैल चालत दुसऱ्याच्या शेतावर कापणीला गेला.

ही पुस्तकं मी आवडीने वाचली, अजूनही वाचतो. त्यांतही वस्तूंची मोजदाद आहे: लाकडाचं दार कसं बसवलं, विहीर कशी खणली, डुक्कर कापून मांस कसं धुरावलं. पण तिथे प्रत्येक वस्तू बापाच्या हाताची करामत सांगते. फुल्यांच्या घरातली वस्तू सरकार आणि सावकाराकडे बोट दाखवते. एकीकडे घर उभं राहताना दिसतं, दुसरीकडे घर कसं पोखरलं जातंय ते.

आणि मग 2014 साली वाइल्डरचं मूळ आत्मकथन ‘पायोनियर गर्ल’ छापून आलं. 1930 च्या सुमारास लिहिलेल्या त्या मजकुरात कादंबऱ्यांमध्ये नसलेल्या दोन गोष्टी होत्या. एक, लॉराला एक धाकटा भाऊ होता, तो नऊ महिन्यांचा होऊन 1876 मध्ये गेला. दुसरी, आयोवातल्या बर ओक गावातून हे कुटुंब देणं चुकवून रात्रीतून निघालं होतं. कादंबऱ्यांतून कर्ज काढून टाकलं, मेलेलं बाळही काढून टाकलं, तेव्हा कुठे तो स्वावलंबी पायोनियर तयार झाला. कॅन्ससमधली ती जमीनही ओसेज लोकांची होती. ते कादंबरीत येतं, पण ‘आपल्याला इथून निघावं लागतंय’ या दुःखाच्या आड येतं.

फुल्यांनी उलट केलं. त्यांनी कर्ज ठेवलं आणि माणसाचं नाव काढलं.

इथे माझी फुल्यांशी कुरबुर आहे. चौथ्या प्रकरणातला शेतकरी सगळ्या शेतकऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून उभा राहावा, म्हणून तो कुणी एक राहत नाही. त्याला हात आहेत, पण त्या हातांतली कला आपल्याला दिसत नाही. बी कधी टाकायचं, कुठला बैल कुठल्या बाजूला जुंपायचा, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. पण लेखकाचा भर त्याला काय ठाऊक नाही यावर आहे. बाया दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. 1882 मध्ये पुण्यातच छापलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’मध्ये ताराबाई शिंद्यांनी जो आवाज लावला, त्याचा एखादा सूर त्या चुलीपाशी असता तर? वाइल्डरने खोटं सांगून माणसं जिवंत ठेवली. फुल्यांनी खरं सांगताना माणसाचं उदाहरण केलं. मला दोन्ही हवं आहे, हा माझा हावरटपणा.

अर्थात, हे पुस्तक डोळ्यांनी एकट्याने वाचण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. लोखंड्यांच्या ‘दीनबंधु’ने पहिले दोन भाग छापले, पुढचे छापायचं टाळलं. फुल्यांनी त्यांना भेकड ठरवलं ते पुस्तकातच. म्हणजे चौथं प्रकरण लोकांपर्यंत गेलं ते मोठ्याने वाचून. फुल्यांनी जिथे जिथे वाचून दाखवलं त्या गावांची नावं दिली आहेत: मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. त्या यादीत ठाणे आहे.

मी कामतघरचा, भिवंडीतला. त्यामुळे यादीतल्या या एका शब्दापाशी मी थांबतो. ठाण्यात त्या दिवशी ऐकणाऱ्यांत आमच्या भागातला एखादा भातवाला बसला असेल, तर त्याला हे घर कितपत ओळखू आलं असेल? फुल्यांचा शेतकरी देशावरचा, ज्वारी-बाजरीचा. आमच्याकडे खाडी. भरतीच्या पाण्याला बांध घालायचा, उघाडी बसवायची, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन निघेपर्यंत वाट बघायची, आणि मग त्या खाजणात भात लावायचा. उधाणाला बांध फुटला की पुन्हा पहिल्यापासून. पायोनियर हा शब्द कुणाला लावायचाच असेल तर या आगरी-कुणबी माणसांना लावता येईल. त्यांनी कुणाची जमीन न घेता समुद्राकडून घेतली. पण त्यांच्या घरात कुणी फुले शिरले नाहीत, आणि त्यांची लॉराही कुणी झाली नाही.

‘असूड’च्या पाचव्या प्रकरणात फुले उपाय सांगतात. रिकाम्या वेळी पलटणी आणि पोलिसांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, पावसाचं पाणी जमिनीत मुरवा, जुनी तळी दुरुस्त करा. हा भाग वाचताना मला आमचा वऱ्हाळदेवी तलाव आठवतो. त्याच्याभोवती आज इमारती आणि लूमची खटखट आहे. रहनाळ, काल्हेर, माणकोलीकडे गेलात तर जिथे भात होता तिथे भराव घालून गोदामं उभी आहेत. तुम्ही फोनवरून मागवलेली वस्तू बहुधा त्यांतल्याच एखाद्या शेतावरून येते.

खाजणातल्या त्या घराबद्दल काही लिहिलेलं शोधायचं तर आमच्याकडे एकच लेखन आहे: सात-बारा आणि फेरफार. तलाठ्याच्या अक्षरात. आमच्या घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या नकला आहेत. तिथे नावं आहेत, जी फुल्यांनी दिली नाहीत. बाप मयत, वारस मुलगे अमुक अमुक. बोजा किती, तेही आहे, जे वाइल्डरने पुसलं. मुलींची नावं येतात आणि पुढच्या फेरफारात हक्कसोड होऊन कंसात जातात. माझ्या आजीचं नाव असं दोनदा आलंय: एकदा माहेरच्या उताऱ्यावर, जिथून ती गेली, आणि एकदा सासरच्या, जिथे ती नवरा मेल्यावर आली. दोन नोंदींच्या मध्ये एकतीस वर्षं आहेत. त्या वर्षांत तिने किती बांध पुन्हा घातले, याचा रकाना त्या कागदावर नाही.