ययातीचे तारुण्य आणि जुलेखाचे

वि. स. खांडेकर सांगलीचे, १८९८ साली त्यांचा जन्म तिथेच झाला. पुराणकथेचे आधुनिक रूप म्हटले की मराठीत पहिले बोट त्यांच्या 'ययाति'कडे (१९५९) जाते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात, हे या कादंबरीचे बळ. पण सौंदर्य तिथे बहुतेक वेळा राजाच्याच नजरेने मोजले जाते. ते भोगायचे, नाहीतर त्यागायचे. मधली वाट कच सांगतो, आणि कच बोलू लागला की आम्हांला प्रवचनाला बसल्यासारखे वाटते.

याच राजावरचे गिरीश कर्नाडांचे कन्नड नाटक १९६१ साली आले. त्याच्या घडणीवर फ्रेंच नाटककार आनुईच्या 'अँटिगनी'चा प्रभाव असल्याचे कर्नाडांनीच नमूद केले आहे. १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसात, आनुईची ग्रीक मुलगी राजाला 'नाही' म्हणते. कर्नाडांकडे पुरूची बायको चित्रलेखा सासऱ्यालाच जाब विचारते. अचानक म्हातारा झालेला नवरा तिने का म्हणून पत्करावा?

आमच्या घरांत वार्धक्य आणि तारुण्याची दुसरीच कथा चालत आली आहे. कुरआनात यूसुफच्या रूपाने भान हरपून बायका हात कापून घेतात. जुलेखा हे नाव तिथे नाही, तिचे म्हातारपणही नाही. ते मस्नवीकारांचे देणे. जामीच्या पंधराव्या शतकातल्या फारसी मस्नवीत ती झुरून म्हातारी आणि आंधळी होते, आणि यूसुफच्या दुआने तिला रूप परत मिळते. ययातीचे तारुण्य पोराच्या अंगातून काढलेले. जुलेखाला मिळते त्यात कोणाचे काही जात नाही.

ज्या आदिलशाहीत एके काळी मिरज आणि साताऱ्याचा किल्लाही होता, तिथल्या विजापूरच्या हाशमीने १६८७च्या सुमारास ही कथा दखनीत रचली. हाशमी आंधळा होता! रूपाची एवढी मोठी कहाणी दृष्टी नसलेल्या कवीने सांगावी, यावर सौंदर्यशास्त्राने थोडे थांबायला हवे. साताऱ्याजवळच्या मर्ढे गावाचे नाव लावणारे बा. सी. मर्ढेकर सौंदर्य संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांत शोधतात. माप नेमके आहे, पण रूपाची किंमत कोणी मोजली हे त्यात येत नाही.

'ययाति'शेजारी ही मस्नवी ठेवली की आम्हांला देवयानीपेक्षा शर्मिष्ठा वेगळी दिसू लागते. पुरूला घेऊन रानोमाळ गेलेली, राजाच्या नजरेआड वर्षे काढणारी ही बाई जुलेखाच्या जवळची आहे. तिचे रूप तिथे कोणी पाहत नाही, आणि खांडेकरांची लेखणी नेमकी तिथेच उपदेश विसरते.